शिनोलीचा सौना आणि तात्यांची बादली

भर मे महिन्यात घाम काढायला शिनोलीला निघालो म्हटल्यावर बायको म्हणाली, "तेवढा तर आपल्या बसस्टॉपवरही निघतो."

पण अशोकचं आमंत्रण होतं. जहाजावरची नोकरी सोडून गावी परतलेल्या या मित्राने घरामागे सौनाची लाकडी खोली बांधली होती. पावसाळ्यात भीमाशंकरला जाणारे भिजके भटके थांबतील, ही त्याची आशा. त्याचे वडील, तात्या, मात्र त्या खोलीत पाऊल टाकत नव्हते, आणि गिऱ्हाइकांपेक्षा अशोकला तेच जास्त लागलं होतं.

पुण्याहून मंचर, घोडेगाव असं करत एसटीने हाडं खिळखिळी करून शिनोलीत उतरवलं. ओसरीवर तात्या पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळत होते.

"या पावणं! घाम गाळायचा तर रानात चला की. खोलीत कोंडून कशाला?"

अशोकने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मला तांब्याभर पाणी पाजलं, रक्तदाबाची चौकशी केली आणि आत नेलं. शेगडीवर दगड तापलेले होते.

"स्टीममधी नुसतं भिजायला व्हतं राव. ही धग कोरडी. आखडलेलं अंग सैल पडतं, झोप लई भारी लागती."

पंचे गुंडाळून बसलो. पाठीतला एसटीचा एकेक खड्डा विरघळायला लागला. फार सुख वाटलं. मग अशोकने बादलीतलं पळीभर पाणी दगडांवर ओतलं आणि असा ठसका उठला, की आम्ही दोघे पंचे सावरत थेट अंगणात! कोंबड्या सैरावैरा पळाल्या.

तात्या कानकोंडे झाले. "सकाळी आभाळ आलं व्हतं. मसाल्याच्या वाळत घातलेल्या मिरच्या तशाच त्या बादलीत गोळा केल्या. मला काय ठावं, तिचंच पाणी दगडाला पाजता?"

अशोकचा चेहरा एवढासा झाला. त्याचा पहिलाच पाहुणा मी. मला वाईट वाटलं, पण हसूही आवरेना.

तात्यांनी स्वतः बादली राखेने घासली. "आमच्या घरात पावण्याला तरास झाला. आता आदी मी बसून बघतो, मग तुमी."

टोपी माझ्या हातात देऊन ते आत गेले, मागोमाग अशोक. मी टोपी सांभाळत अंगणात थांबलो. मग आतून आवाज आला, "आजून येक पळी टाक की रं!"

त्या संध्याकाळी कित्येक महिन्यांनी तात्या पाटावर मांडी घालून जेवायला बसले. "सकाळी परत आखडतील गुडघे," अशोक पुटपुटला, पण त्याचं लक्ष जेवणात नव्हतं, तात्यांच्या मांडीकडे होतं.

दुसऱ्या दिवशी पुण्याला परतलो, पिशवीत त्याच मिरच्यांचा मसाला घेऊन. अंग हलकं झालं होतं, पण त्याहून हलका झालेला माणूस मी शिनोलीत पाहून आलो होतो.

पावसाळ्यात फोन करून विचारलं, "गिऱ्हाईक येतंय का?"

"येक पक्कं हाय," अशोक म्हणाला. "रोज सांजच्याला टोपी काढून दारात हुभं ऱ्हातं."