कारणाच्या रकान्यातली ओळ

बुधवार, २२ ऑगस्ट २००७. सकाळचे पाच पन्नास. येवल्यात उज्वला मागावर बसली आहे. पैठणीचा दोन बोटं काठ विणून झाला की ती एसटीने नाशिकला डायलिसिसला जाईल. परतल्यावर हात चालत नाही, म्हणून आधी विणायचं.

वय चौतीस. एचआयव्ही नवऱ्याकडून आला. नवरा चार वर्षांपूर्वी गेला. तिची दोन्ही मूत्रपिंडं दीड वर्षापासून निकामी आहेत. डायलिसिसला तिच्यासाठी वेगळं यंत्र. ते बंद पडलं की तिने घरी जायचं, शेजारची चार चालू असली तरी.

एचआयव्हीची एकही गोळी ती चुकवत नाही, रक्ताचे आकडे चांगले आहेत. थोरली बहीण चंद्रभागा मूत्रपिंड द्यायला तयार आहे, रक्तगटही जुळतो. पण नाशिकला जिथे डायलिसिस होतं, त्या खासगी रुग्णालयातले डॉक्टर सात महिने तोंडी एकच सांगतात, तुमच्यासारख्यांचं प्रत्यारोपण आम्ही करत नाही. लिहून देत नाहीत. आणि मुंबईचे डॉक्टर म्हणतात, तिथला लेखी नकार आणा, मग केस बघू.

त्या दिवशी डायलिसिस संपल्यावर दोघी बहिणी लेखी नकार मागत कारकुनाच्या टेबलापुढे बसून राहिल्या.

“ताई, आमची जेवणाची सुट्टी झाली.”

“जेवा की. आम्ही बसतो बघत,” चंद्रभागा म्हणाली.

साडेतीनला कागद मिळाला. छापील फॉर्म. कारणाच्या रकान्यात निळ्या शाईची एक ओळ : ‘रुग्ण व दाता शस्त्रक्रियेस तयार नाहीत.’ खाली डॉक्टरांची सही, शिक्का. सात महिन्यांनी आलेलं पहिलं लेखी उत्तर, आणि ते खोटं.

उज्वलाने ओळ मोठ्याने वाचली. “आक्का, तू कधी नाय म्हणालीस?”

“मी? डावं काढता का उजवं, एवढंच विचारलं होतं मी.”

“असंच लिहायची पद्धत आहे,” कारकून म्हणाला. “सही करा, विषय संपवा.”

“आजार बरा खरा लिहिलात. फाइलीवर, लाल पेनानं, एवढ्या मोठ्या अक्षरात,” उज्वला म्हणाली.

तिने पेन मागितलं. त्याने स्वतःचं खिशात घातलं. चंद्रभागा औषधाच्या दुकानातून पेन घेऊन आली. उज्वलाने त्या ओळीखाली लिहिलं : ‘हे खोटं आहे. आम्ही दोघी तयार आहोत. नकार डॉक्टरांचा आहे.’ दोघींनी सह्या केल्या.

कारकुनाने कागदाला हात लावला नाही. “हे अधीक्षकांनाच द्या. आज ते नाहीत.”

अधीक्षक गुरुवारी दहा ते बारा भेटतात. उज्वलाने कागदाची घडी करून पिशवीत ठेवली; उद्या गुरुवारच.