डावीकडचा माऊस

घनसावंगीच्या दैवशालाबाई डावखुऱ्या. डावखुरं माणूस दिसलं की आपल्याकडं जो तो त्याला सुधारायला धावतो. माहेरी जेवायच्या वेळी आई त्यांच्या डाव्या मनगटाला फडकं बांधायची. शाळेत गुरुजींच्या छडीनं पेन्सिल उजवीकडं गेली. सासरी आल्या तर सासू साळूबाईंनी नैवेद्याचं ताट वाढताना हात धरला तो धरलाच. बाईंनी सगळं मुकाट ऐकलं. रागसुद्धा गिळला, तो गिळायला उजवा हातच पाहिजे अशी सक्ती नव्हती, एवढंच.

मग मुलगी अक्षता शिकायला संभाजीनगरला गेली आणि तिचा कॉम्प्युटर घरी राहिला. धूळ पुसता पुसता बाईंनी तो चालू केला आणि ऐन चाळिशीत त्यांना बंदुकीच्या गेमचा नाद लागला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी माऊस उचलून डावीकडं ठेवला. हात असा सरसर चालला की त्यांना रडूच आलं. इतकी वर्षं हा हात होता तरी कुठं!

त्या दणक्यात जुन्या माऊसचं बटण बसलं. गेमसाठीचाच चांगला माऊस घ्यायचा म्हणून बाई नवऱ्याला, कल्याणरावांना घेऊन जालन्याला आल्या.

दुकानदार सूरजनं कल्याणरावांनाच विचारलं, "पोरासाठी पाहून राह्यले का, भाऊ?"

"माझ्यासाठी," बाई म्हणाल्या.

त्यानं आधी बिनवायरचा काढला. बाईंनी तो हातात घेतलाच नाही. "वायरचाच दाखवा. ऐन गोळीबारात सेल उतरला तर मंग मुडदा माझा पडतो."

वायरचे चांगले ढीगभर निघाले. पण सगळ्यांची पाठ उजव्या तळव्याच्या मापानं वळलेली. अंगठ्याची बटणं डाव्या अंगाला. बाईंनी डाव्या हातात धरले की अंगठा रिकामाच राही आणि करंगळी नको ते बटण दाबी. एक रंगीत दिव्यांचा माऊस कल्याणरावांना भलताच आवडला. बाईंनी तो परत ठेवला.

"ताई, बहुतेक उजव्याच हाताचे येतात," सूरज म्हणाला. "उजव्या हातानं खेळा की. चार दिवसांत सवय होते बराबर."

कल्याणराव हळूच म्हणाले, "घरात चालतंय, पण इथं चार लोकांत डावा हात कशाला पुढं करती?"

मग मात्र बाईंचं डोकं फिरलं. चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "लावली की सवय! जेवायची लावली, लिहायची लावली, ओवाळायची लावली. तुम्ही सगळ्यांनी म्हणलं तसं केलं. आता खेळायचं तेवढं माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. डावा हात चालंल असा माऊस नसंल तर न्हाई म्हणा, दुसऱ्या दुकानात जाते. पण माझा हात बदलणार न्हाई."

सूरज शिडीवर चढला. वरच्या फळीवरून त्यानं एक खोका काढला. दोन्ही अंगांनी सारखा, मधोमध उंच, वायरचा माऊस. बाईंनी काउंटरवर तो पुढंमागं फिरवला, बटणं दाबून बघितली. तळव्यात चपखल बसला.

"याला तर लाइटबी न्हाई," कल्याणराव कुरकुरले.

"मला खेळायचंय. आरती न्हाई करायची."

घरी येऊन बाईंनी वायर खोचली, माऊस डावीकडं मांडला आणि दार सताड उघडं ठेवून खेळायला बसल्या. साळूबाई बाजेवरून टक लावून बघत होत्या. शेजारची उषाबाईही उंबऱ्याशी थबकली. बाईंनी कुणाकडं पाहिलं नाही. गोळ्या सुटत राहिल्या, आणि एकाएकी पडदा लाल झाला.

"मेलीस ना?" साळूबाई म्हणाल्या. त्यांना बरंच वाटलं असावं. "तरी म्हणत होते, उजव्या हातानं घे. डाव्याला यश न्हाई."

"मेले, आत्याबाई," दैवशालाबाई म्हणाल्या आणि पुन्हा खेळ चालू केला. "पण माझ्या हातानं मेले."