परक्या बाईला हार

माझा स्वभाव तिरसट आहे, पिंपळे गुरवमध्ये कुणालाही विचारा. मी नवनाथ पेंटर. मूळचा धाराशिवकडचा, पण अठ्ठावीस वर्षं झाली इथंच आहे. आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. फ्लेक्स आले आणि ब्रश वाळत पडले. आता चाकणला एका कंपनीच्या पेंट शॉपमध्ये टच-अपला आहे. गाडीच्या पत्र्यावर रंगाचा एखादा ओघळ दिसला की असा घासून घालवायचा, की कुणाच्या बापाला कळू नये. सुट्टीच्या दिवशी मात्र गेलेल्या माणसांची चित्रं काढतो.

ही दोन्ही कामं करून माझ्या डोक्यात एक किडा शिरलाय. कंपनीच्या बसमध्ये सगळे माना टाकून झोपतात, तेव्हा मी चेहरे बघत बसतो. एकाची भुवई मधेच तुटलीय, एकाच्या कानाची पाळी फाटलीय. तेवढं झाकलं तर तो माणूस कुणीही असू शकतो. मला वाटतं, आपण आख्खा चेहरा कधी लक्षात ठेवतच नाही, त्यातलं बिघडलेलं तेवढं लक्षात राहतं. आणि एवढं कळत असूनही मी विमलमावशीच्या चित्रात माती खाल्ली.

विमलमावशी म्हणजे आमच्या गल्लीतल्या मारुतरावांची बायको. जुनं गाववालं घर. गोठा होता तिथं आता चार मजली इमारत आहे, पण मावशी शेवटपर्यंत खाली पायरीवर बसून भाजी निवडायची. मी नवा नवा आलो तेव्हा राहायला खोली तिनंच दिली. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके आणि डावी पापणी अर्धी मिटलेली. त्यामुळं आपण काहीही बोललो तरी, ‘चल, थापा नको मारू,’ असं तिला वाटतंय, असंच दिसायचं.

गेल्या वर्षी मावशी गेली. वर्षश्राद्ध जवळ आलं तसा तिचा मुलगा रणजीत माझ्याकडं आला. ‘भाऊ, आईचं मोठं चित्र पाहिजे.’ मोबाइलवर फोटो पाठवला, तोही स्टुडिओवाल्यानं गोरा करून दिलेला. वर फर्माईश सुरू. नथ घाला, ठुशी घाला, मोहनमाळ घाला, पाटल्या घाला. गोंदण नको, डोळा सरळ करा. आमच्याकडं ही रीतच पडलीय. जितेपणी बाईच्या गळ्यात नुसती काळी पोत आणि चित्रात अंगभर सोनं. मुलांना वाटतं, भिंतीवर तरी आई थाटात दिसावी. मीही तोंडातून ब्र न काढता सगळं रंगवलं.

श्राद्धाच्या दिवशी चित्र पाटावर ठेवलं. ताथवड्याच्या लेकी, जावई, भावकी, सगळा गोतावळा जमला होता. तनुजावहिनी, म्हणजे रणजीतची बायको, मारुतरावांना हाताला धरून घेऊन आली. त्यांना घरात नाना म्हणतात. वय ऐंशीच्या पुढं, दोन वर्षांपासून विसर पडायला लागलाय. रणजीतनं त्यांच्या हातात हार दिला. नानांनी चित्राकडं बघितलं आणि हार परत केला.

‘ही कोन बाई?’

‘नाना, असं काय करता? आई आहे!’

‘न्हाई. मी परक्या बाईला हार घालायचा न्हाई.’

मागं कुणीतरी फिसकन हसलं. रणजीतचं तोंड पांढरं पडलं. मला दंडाला धरून त्यानं आतल्या खोलीत नेलं. एवढा मिशीवाला गडी, ढसाढसा रडायला लागला. ‘संपलं, भाऊ. आई पण पुसली गेली त्यांच्या डोक्यातनं.’

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. म्हटलं, ‘त्यांच्या डोक्यातनं नाही, मी पुसलीय तिला. एक तास द्या मला.’

घर दोन गल्ल्या पलीकडं. पळत जाऊन रंग घेऊन आलो, पाटावरचं चित्र आतल्या खोलीत घेतलं. ॲक्रिलिक होतं म्हणून बरं, पंख्याखाली लगेच वाळतं. तनुजावहिनीनं पाण्याचा मग आणून ठेवला आणि दार लोटून घेतलं.

‘भाऊ, राहू द्या ना आहे तसं.’

‘का?’

‘नाना रोज विचारतात, ती कुठं गेली. आधी खरं सांगायचो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दोन दिवस अन्नाला शिवले नाहीत. तिसऱ्या दिवशी परत विचारलं. परत सांगितलं, परत तेच. आता आम्ही सांगतो, माहेरी गेलीय. मग म्हणतात, लवकर ये म्हणावं. आणि जेवतात.’

‘रणजीतला सांगा की हे.’

‘सांगितलं. ते म्हणतात, एकदा तरी नानांनी आईला ओळखलंच पाहिजे.’

मी तिथंच ब्रश खाली ठेवायला हवा होता. पण चारचौघांत माझं काम नापास झालं होतं, ते मला खुपत होतं. मावशीपेक्षा मला माझं नाक प्यारं होतं, आज कबूल करतो. ‘वहिनी, बघा तुम्ही,’ म्हणालो आणि कामाला लागलो.

मोहनमाळेवर लुगड्याचा हिरवा रंग ओढला. ठुशी गेली, नथ गेली, पाटल्या गेल्या. गाल सावळे केले. बाहेरून गुरुजी दोनदा ओरडले, ‘अहो, वेळ टळतेय!’ कुणीतरी दार वाजवलं. गोंदणाचे ठिपके दिले. मग डावी पापणी. जराशी खाली घेतली, काहीच नाही. अजून केसभर खाली घेतली, आणि मावशी माझ्याकडं बघायला लागली.

चित्र बाहेर नेऊन पाटावर ठेवलं. नाना खुर्चीवर बसले होते. बराच वेळ बघत राहिले आणि मग कुणाचा हात न धरता उठले.

‘आली व्हय गं?’

असे हसले, की लेकींना हुंदका आवरेना. रणजीतनं हात जोडले. माझी तर छाती फुगली. खोटं कशाला सांगू? एवढ्या वर्षांत माझं असं कौतुक कुणी केलं नव्हतं.

नानांनी तिच्या हनुवटीला हात लावला. गोंदणाचा रंग अजून पुरता वाळला नव्हता, बोटाला लागला. बोट बघता बघता त्यांची नजर खाली गेली. समई. पिंडं. गुरुजींच्या हातातला हार. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं आणि शेवटी माझ्याकडं.

‘पेंटर, तुला ठावं हुतं?’

थाप मारायला तोंड उघडलं, पण जमेना. ‘व्हय, नाना.’

‘समद्यांस्नी ठावं हुतं?’

तनुजावहिनी तोंडाला पदर लावून आत निघून गेली.

‘कवा?’

‘वर्ष झालं, नाना,’ रणजीत म्हणाला.

‘वरीस,’ नाना म्हणाले. मग सदऱ्याची बटणं काढायला लागले. त्यांना उकडतंय असं वाटून रणजीत पंख्याकडं धावला.

‘पंखा ऱ्हाऊ दे. पानी काढ. मानूस गेल्याची बातमी आलीया. आंघूळ नगं का करायला?’

श्राद्धाला खोळंबा होतोय हे सांगायला गुरुजींनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. रणजीतनं न्हाणीत बादली भरली, नानांना हाताला धरून नेलं. आत तांब्याचा आवाज येत होता. बाहेर आम्ही सगळे मान खाली घालून उभे होतो. आमची आंघोळ वर्षापूर्वीच उरकली होती.