पत्रीची फेरी

आमच्या आत्याला सगळी बोरिवली विचारायची, पण फक्त श्रावणात. एरवी ती कुणाच्या खिजगणतीत नसे. श्रावण लागला की दाराशी बायकांची रांग. अमकीच्या सुनेची मंगळागौर, तमकीच्या लेकीची मंगळागौर, पत्री आणून द्याल ना? मंगळागौरीच्या पूजेला सोळा तऱ्हेची पानं लागतात. ती कुठल्या बांधावर, कुठल्या कुंपणाला, रानाच्या कुठल्या कोपऱ्यात मिळतात, हे आत्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ती हो म्हणायची. नाही म्हणताना मी तिला कधी ऐकलंच नाही, आणि त्याचा मला तेव्हाही राग यायचा.

राग अशासाठी, की ज्या पूजेसाठी ती चिखल तुडवायची, त्या पूजेला तिला कुणी बोलवायचं नाही. आत्या चौदाव्या वर्षी विधवा झाली आणि माझ्या वडिलांकडे, म्हणजे भावाकडे, परत आली. मंगळागौर ही सवाष्णींची पूजा. आत्याने आणलेली पानं देवीला चालायची, आत्या समोर बसलेली चालायची नाही. हात चालत होते, तोंड चालत नव्हतं. मी हे असंच्या असं आईला एकदा बोलून दाखवलं आणि पाठीत धपाटा खाल्ला.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती, मी अकरा-बारा वर्षांची होते, तेव्हापासून मी आत्याबरोबर पत्रीच्या फेरीला जाऊ लागले. दर सोमवारी सकाळी आंघोळ करून निघायचं, कारण पूजा मंगळवारी. ती पुढे, वेताची टोपली काखेत. मी मागे बडबड करत. घरामागचं फाटक ओलांडलं की भातखाचरंच लागायची. बांधावर माका आणि आघाडा. खाचरांच्या पलीकडे भंडाऱ्यांची वाडी होती, तिथे परसात हादगा आणि केवडा. पुढे माळ, माळावर बोर आणि डोरली. डोरलीचे काटे पानावरसुद्धा असतात. ती मला कधी तोडू द्यायची नाही. मग वारल्यांचा पाडा, सात-आठ कुडाच्या झोपड्या. पाड्याच्या मागे रान सुरू व्हायचं आणि रानाच्या तोंडाशीच, ओढ्याच्या काठावर, पांढुरक्या गुळगुळीत खोडाचा अर्जुनवृक्ष. तिथून ओढ्याच्या काठाने खाली उतरायचं, शंकराच्या देवळापाशी बेल आणि शमी घ्यायची, आणि दुसऱ्या बाजूने आमच्या आळीत शिरायचं. चढ असा नव्हताच. पाय न दुखता दोन तासांत फेरी पूर्ण.

आल्या वाटेने परत जायचं नाही, हा आत्याचा नियम. मी कारण विचारलं तर म्हणाली, एकाच झाडाला एका दिवसात दोनदा ओरबाडू नये, त्याने एकदा दिलंय ना? तोडायच्या आधी ती झाडाला हात लावून काहीतरी पुटपुटायची. एका फांदीची दोन-चार पानंच घ्यायची. घरी आली की ओटीवर बसून प्रत्येक झाडाची वेगळी जुडी बांधायची, केळीच्या सोपटाने. सोळा जुड्या झाल्या की टोपलीवर ओलं फडकं. तिच्या हातून एक पान कमी पडलं असं आळीत कधी झालं नाही.

वारल्यांच्या पाड्यावर एक बाई होती, आत्याच्याच वयाची. आम्ही पोचलो की ती पाणी द्यायची आणि दोघी झोपडीपुढच्या दगडावर बसून बोलत राहायच्या. काय बोलायच्या कोण जाणे. घरात दिवसभर हूं की चूं न करणारी आत्या तिथे हसायची. तोंडाला पदर न लावता हसायची. मला ते बघायला फार आवडायचं.

अशाच एका फेरीत, ओढ्यापाशी, मी तिला सांगून टाकलं की माझी मंगळागौर होईल तेव्हा तू पुढे बसायचंस. माझ्या शेजारी. कोण काय म्हणतं ते बघतेच मी. आत्या हसली आणि म्हणाली, "बघू हं." ती विसरली नाही, हे मला पुढे कळलं.

अठरा पुरी झाली आणि माझं लग्न झालं. सासर अंधेरीला. माणसं वाईट नव्हती, पण आमच्यापेक्षा चार पायऱ्या वरची, आणि ते आम्हाला जाणवत राहील इतपत काळजी घेणारी. पहिली मंगळागौर माहेरी करतात. म्हणजे आमच्याच घरी, जिथे आत्या राहते, जिथे तिने मला न्हाऊमाखू घातलं, तिथेच. सासूबाई येणार होत्या आणि त्यांच्या थोरल्या जाऊबाई. या मोठ्या सासूबाई म्हणजे सोवळ्याओवळ्याचं चालतंबोलतं पुस्तक. आईचा जीव आठ दिवस टांगणीला लागला होता.

सोमवारी आत्या एकटीच फेरीला गेली. मी बरोबर जायला निघाले तर आईने मेंदी लावायला बसवलं. मंगळवारी सकाळी पुढच्या खोलीत चौरंग मांडला, भटजी आले, माझ्याबरोबर पूजेला बसणाऱ्या नव्या लग्नाच्या चार मुली आल्या. पाहुण्या भिंतीला टेकून बसल्या. पत्रीची टोपली माझ्या उजव्या हाताशी होती. मी फडकं काढून बघितलं. सोळा जुड्या. अर्जुनाचीही होती, अगदी वर, ताजी हिरवीगार.

तेवढ्यात आत्या माजघराच्या दारात आली. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. तसं लुगडं ती कधी नेसत नसे. हातात फुलांचं तबक होतं, पण फुलं आधीच आणून ठेवलेली होती, तबक नुसतं निमित्त. ती उंबऱ्याशी उभी राहिली आणि माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. माझ्या शेजारी पाटाएवढी जागा रिकामी होती. मला सगळं आठवलं, ओढा, मी काय बोलले होते ते, सगळं.

मोठ्या सासूबाईंनी मान वळवून आत्याकडे पाहिलं आणि मग सासूबाईंकडे. आईचा चेहरा पांढराफटक. वडील ओटीवर पेपरात तोंड घालून बसलेले, ते काही उठणार नव्हते. आता या बाई काहीतरी बोलतील, सगळ्यांच्या देखत, आणि आत्याची वाट लागेल, असं मी स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. मला आत्याची नाही, माझी भीती वाटत होती. वर्षाच्या आत सासरी नाव खराब व्हायला नको होतं.

मी म्हटलं, "आत्या, अर्जुनाची पानं कमी आहेत गं."

तिने टोपलीकडे पाहिलं. टोपली तिच्यापासून चार हातांवर होती आणि जुडी वरच होती. मी पटकन जुडीवर दुर्वा टाकल्या.

"कमी आहेत? बरं. आणते."

तबक तिथेच खाली ठेवून ती मागच्या दाराने गेली. ठेवणीतल्या लुगड्यातच गेली. बाहेर पाऊस लागला होता. भटजींनी संकल्प सोडायला सांगितला आणि मी पळीने पाणी सोडलं.

पूजा झाली, कहाणी झाली, आरती झाली. भटजी अर्जुनाची पानं वाहा म्हणाले तेव्हा मी दुर्वांखालून जुडी काढली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मंगळागौरीचं दुपारचं जेवण मुक्याने करतात. जेवण होऊन तुळशीचं पाणी घेईपर्यंत पूजेच्या मुलींनी अवाक्षर काढायचं नाही. आमची पानं मांडली होती, मी दुसरा घास घेतला आणि आत्या आली. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली. लुगड्याचा काठ चिखलाने माखलेला. पदरात अर्जुनाची पानं. तिने ती माझ्या पानापासून लांब, कोरड्या जागी ठेवली. मी तोंड उघडणार इतक्यात तीच म्हणाली, "बोलू नकोस. मौन आहे ना तुझं."

मी बोलले नाही. घास गिळत राहिले. व्रत मोडलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं? तापट म्हणून मी सगळ्या आळीत प्रसिद्ध, येताजाता कुणाशीही भांडणारी, आणि त्या दिवशी माझ्या तोंडाला बरं कुलूप लागलं. मौनाचं तर निमित्तच मिळालं मला.

दिवाळीला माहेरी गेले तेव्हा ठरवूनच गेले होते, की तिचे पाय धरायचे. आत्या मागच्या पडवीत करंज्यांसाठी खोबरं किसत बसली होती. मी जवळ बसून सुरुवात केली, की आत्या, त्या दिवशी पानं... तिने किसणी थांबवली नाही. म्हणाली, "कमीच होती गं. माझंच चुकलं बांधताना. वय झालं आता."

मी तिच्याकडे बघत राहिले. ती खरंच तसं समजत होती का? चेहऱ्यावरून काही कळेना. आणि मग मी काय केलं असेल? मी गप्प बसले. मान्य करून टाकलं. तिला वाटतंय ना तिचं चुकलं, मग उगाच कशाला उकरायचं, तिलाच वाईट वाटेल, असं मनाशी घोळवून घोळवून मी ते खरंही मानलं. माणसाला सोयीचं ते पटायला वेळ लागत नाही, मला तर अजिबात लागला नाही. करंज्या खाऊन मी अंधेरीला परत गेले.

दुसऱ्या वर्षी मंगळागौर सासरी. आदल्या दिवशी संध्याकाळी वडील टोपली घेऊन आले. पंधरा जुड्या नेहमीच्या आणि अर्जुनाची दुप्पट जाड. मला रडू आलं. पण त्या रडण्यातही थोडं बरं वाटलं, की बघ, तिला खरंच वाटतंय मागच्या वर्षी कमी पडली.

तिसऱ्या वर्षी आषाढात आत्या गेली. चार दिवस ताप आला, पाचव्या दिवशी संपलं. मी पोचले तेव्हा तिला नेलंही होतं. पडवीत तिची वेताची टोपली खुंटीला अडकवलेली होती. आई म्हणाली, आता श्रावणात पत्रीचं काय करायचं गं सगळ्यांनी? मला आईचा इतका संताप आला की मी टोपली काढली आणि म्हटलं, मी आणीन.

श्रावणात सोमवारी पहाटे मी माहेरी आले आणि एकटी निघाले. खाचरांच्या कडेला कुणीतरी प्लॉट पाडून खुंट्या ठोकल्या होत्या, बाकी सगळं तसंच होतं. माका, आघाडा, हादगा, बोर. डोरली मी पहिल्यांदाच स्वतः तोडली आणि बोटं रक्ताळून घेतली. पाड्यावर ती वारली बाई झोपडीपुढे बसली होती. मी आत्या गेल्याचं सांगितलं. ती आत जाऊन पाणी घेऊन आली. मग म्हणाली, दोन वर्षांमागं ती पूजा तुझीच होती ना?

मी हो म्हटलं.

तिने सांगितलं, की त्या मंगळवारी आत्या भर पावसात आली. हिला नवल वाटलं, कारण कालच तर पानं घेऊन गेली होती, आणि ती कधी लागोपाठ दोन दिवस तोडत नसे. विचारलं तर नुसती हसली. अर्जुनाशी गेली, झाडाला हात लावला, चार पानं घेतली. मग या दगडावर येऊन बसली. पाऊस चालूच होता. ही तिला म्हणाली, आत ये, नाहीतर घरी तरी जा, भिजतेयस. तर नको म्हणाली.

"आता गेले तर पोरीची पंचाईत होईल, म्हणाली. पूजा होऊ दे तिची, मग जाते. भूक लागायची वेळ झाली तवा उठली."

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. ती बाई उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

मी अर्जुनापाशी गेले नाही. झाडाला हात लावायला मला तोंड नव्हतं. टोपली मांडीवर घेऊन त्याच दगडावर बसले. अंधेरीला वाट बघत असतील, आई फाटकाशी येऊन उभी राहिली असेल, सगळं कळत होतं. ऊन पाड्यावर आलं, डोक्यावर आलं. मला भूक लागली तेव्हा मी उठले. त्या वर्षी माझ्या पूजेला पंधराच पत्री होत्या, आणि सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, की सोळावी मीच आणली नाही.