पहाटे पाच ते साडेसहा

इस्पितळाच्या नोंदणीखोलीत बसणाऱ्या कारकूनबाईंना सगळे ‘गोलबाई’ म्हणत. बाई अंगाने काटकुळ्या, त्यामुळे नव्या माणसाला आधी हसूच येई. नाव पडलं होतं ते कामावरून. दर महिन्याच्या बैठकीसाठी त्या एक वर्तुळ काढून त्याचे रंगीत वाटे पाडत: कोणत्या वॉर्डातले किती रुग्ण तोल जाऊन पडले. आधी कंपास आणि रंगपेन्सिली होत्या, पुढे कॉम्प्युटर आला. गोल मात्र तोच राहिला.

नऊ वर्षं त्या गोलातला सगळ्यात मोठा वाटा वृद्धांच्या वॉर्डाचा निघे आणि नऊ वर्षं तिथल्या थोरल्या सिस्टर मान खाली घालून बोलणी खात. मग तिथल्याच एका आजोबांचं पडून खुब्याचं हाड मोडलं. अधीक्षकांनी विश्वस्तांसाठी वर्षभराचा गोल मागवला आणि सिस्टरांच्या बदलीचा कागद टाइप करायला दिला.

गोल घरी आणून बाई रंग ठीक करत बसल्या. नवरा निवृत्त बस ड्रायव्हर. मटार सोलता सोलता तो वाकून बघू लागला.

“वृद्धांच्या वॉर्डात खाटा किती?”

“साठ. बाकी तिन्हींत वीस-वीस.”

“मग हा गोल वॉर्ड केवढा आहे तेवढंच सांगतोय. आमच्याकडे सगळ्यात जास्त ठोकाठोकी नऊ नंबरच्या मार्गावर व्हायची. गाड्याही तिथेच जास्त.”

इस्पितळ म्हणजे काय बस डेपो, असं म्हणून बाई फणकारल्या. पण बोलणं जिव्हारी लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पडलेल्यांच्या नोंदीच्या वर्षभराच्या चिठ्ठ्या काढल्या, एकशे अकरा. दर वीस खाटांमागे किती पडले ते मोजून चार उभे स्तंभ काढले. चारही जवळजवळ सारख्या उंचीचे निघाले. सिस्टरांवरचा ठपका त्यात पुसला जात होता, पण माणसं का पडतात ते कळत नव्हतं. मग महिन्यांची रेषा ओढली. ती थंडीत वर चढली; गारठ्यात सांधे धरतात, एवढंच त्यावर कुणीही म्हटलं असतं. शेवटी आलेखाचा कागद घेऊन त्यांनी आडवे महिने, उभे तास मांडले आणि एका माणसाला एक ठिपका देत गेल्या. चाळिसाव्या ठिपक्याला हात थांबला. थंडीच्या महिन्यांत, पहाटे पाच ते साडेसहाच्या पट्ट्यात, साखरेला मुंग्या लागाव्यात तसे ठिपके दाटले होते. उन्हाळ्यात तोच पट्टा जवळजवळ कोरा.

बाई पहारेकऱ्याकडे गेल्या. त्याने सांगितलं की वीज वाचवायला व्हरांड्याचे दिवे बाराही महिने पाचला बंद करायचे, असा जुना हुकूम आहे. उन्हाळ्यात पाचला फटफटायला लागतं. थंडीत साडेसहापर्यंत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. आणि माणसं उठून व्हरांड्यातून संडासाला जातात ती नेमकी तेव्हाच.

विश्वस्तांच्या बैठकीत त्यांनी गोलाशेजारी तो कागद ठेवला. अधीक्षक म्हणाले, विश्वस्तांना गोल कळतो, हे ठिपके कोण मोजणार?

“मोजायचे नाहीत, साहेब. कुठे दाटलेत तेवढं बघायचं.”

एका विश्वस्ताने पट्ट्यावर बोट ठेवून विचारलं, या वेळेला तिथे काय होतं? बाईंनी सांगितलं. त्याच आठवड्यात दिवे सातपर्यंत ठेवण्याचा हुकूम निघाला.

बदलीवर मात्र आदल्याच दिवशी सही झाली होती, आणि केलेली सही मागे घ्यायची तिथे रीत नव्हती. सिस्टरांची रवानगी गावाबाहेरच्या दवाखान्यात झाली. सामान आवरायला बाई मदतीला गेल्या. त्यांनी पुठ्ठ्याची खोकी बांधायला घेतली.

“नऊ वर्षं तो गोल मीच काढत होते,” त्या म्हणाल्या.

सिस्टर एप्रनच्या घड्या घालत होत्या. “आणि मी तो खरा मानत होते. रात्रपाळीच्या मुलींना किती टाकून बोलले मी. दोघी तर नोकरी सोडून गेल्या.”

त्या थंडीत पाच ते साडेसहाच्या दरम्यान दोघेच पडले. एकाच्या चपलेचा पट्टा तुटला होता. दुसऱ्याचं कारण चिठ्ठीत लिहिलेलं नव्हतं.