मामींचा नेचा

आजवर कुणापाशी बोललो नाही, ते लिहून टाकतो. मामींचा नेचा मी मारला आणि आळ शेजारच्या खालांवर जाऊ दिला.

मामी दापोडीत आमच्या चाळीत खानावळ चालवायच्या. पिंपरीच्या कारखान्यात नवा लागलो तेव्हा मी त्यांच्याकडेच जेवायचो. वाढताना त्या ताटाकडे नाही, माणसाच्या तोंडाकडे बघायच्या. "चेहरा उतरलाय. घे, कढी घे आणखी."

कोकणातून येताना त्यांनी विहिरीच्या कठड्यात उगवलेला नेचा डब्यात आणला होता; नुसती पानं, फूल कधीच नाही. तो मोरीजवळच्या सावलीत असे. समोर खाला राहायच्या. त्यांचे मियाँ मोटारी दुरुस्त करायचे. त्यांच्या दारात, भर उन्हात, जास्वंद. रोज सकाळी मामींच्या गणपतीसाठी खाला लाल फुलं आणायच्या, सोबत टोमणाही.

"मामी, तुमच्या झाडाला फूल कधी यायचं? माझ्या नातवाच्या शादीला?"

"तुझी जास्वंद सकाळी नटते नि संध्याकाळी मान टाकते गो. माझा नेचा मिरवत नाही, पण सोडूनही जात नाही."

मग दोघींचा चहा एकाच किटलीतला.

लेकीच्या बाळंतपणाला मामी गावी गेल्या. नेचा माझ्या हवाली केला. एकदा पान उलटून पाहतो, तर खाली तपकिरी ठिपक्यांच्या रांगा. मला वाटलं, कीड! साबणाच्या पाण्यात रॉकेल कालवून पान न् पान चोळलं. ते ठिपके म्हणजे नेच्याचे बीजाणू, त्याचं बीच म्हणायचं, हे फार पुढे कळलं. झाड काळं पडून गेलं.

मामी परतल्या. डबा नाकाशी धरला. रॉकेलचा वास. रॉकेलनं मोटारीचे भाग धुतले जायचे ते खालांच्याच दारात.

"खालानं केलंन हे?" माझ्या तोंडाकडे बघत त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली. मामींच्या मनातून उतरेन ही भीती, दुसरं काही नाही.

सकाळी खाला फुलं घेऊन आल्या. "ठेव तुझ्याकडेच," मामी म्हणाल्या. "मी पाठ फिरवली नि मुक्या झाडाच्या जिवावर उठलीस."

"अल्लाची कसम, मी हात पन नाही लावला! भाऊ, तू इथंच होतास ना? सांग की!"

मी ताटावरून मान वर केली नाही. त्या दिवसापासून गणपतीला नुसत्या दूर्वा.

पुढे मामींनी खानावळ मोडली. गाडीत बसवायला मीच गेलो होतो. "बहीण मानली होती रे तिला," त्या म्हणाल्या. "तू तेवढा खरा निघालास."

मामी गावीच वारल्या. खाला अजून दापोडीत आहेत. झाड मी मारलं, हे त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं अजून माझ्याकडे बाकी आहे.