कूलंट जातं कुठं?

इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा गोडसर वास आला, की खडकीच्या गॅरेजात मी मेकॅनिक असताना आलेली एक महागडी, वेगवान गाडी आठवते. तिच्यातलं कूलंट रोज कमी व्हायचं, पण जमिनीवर थेंब नसायचा. "गाडीच पिती का काय?" धायरीला राहणारे तिचे मालक विचारायचे. मलाही तेच कोडं. शेवटी सापडलं: इंजिनामागच्या प्लास्टिकच्या पाइपाला बारीक भेग होती आणि गळलेलं कूलंट तापल्या इंजिनावरच वाळत होतं. भेग नीट बघावी म्हणून मी पाइप वाकवला, तर तो कडकन तुटला. मालकांना म्हणालो, "पाइप तुटलाय, गाडी खड्ड्यात आपटलेली दिसते." "नाही हो साहेब, कुठंच आपटली नाही," त्यांचा ड्रायव्हर म्हणाला, पण त्याची नोकरी तिथंच गेली. पाइप माझ्या हातून तुटला, हे आज पहिल्यांदा सांगतोय. त्या ड्रायव्हरचं घर विश्रांतवाडीत, गॅरेजपासून पंधरा मिनिटांवर होतं. मी गेलो नाही.